पपईचं मिल्कशेक कडू का होतं आणि सोयाबीनच्या पेंडीचं काय करायचं

पेंडवाला
मंगळवार, रात्री ९:४०

परवा भाचीने पपईचं मिल्कशेक केलं. केलं सकाळी, मला दिलं संध्याकाळी. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. ती म्हणाली, "मामा, दूध नासलं का?" दूध चांगलं होतं. पपईतल्या पपेन नावाच्या एन्झाइमने दिवसभर फ्रिजमध्ये बसून दुधातली प्रथिनं कातरली होती, आणि कातरलेल्या तुकड्यांतले काही तुकडे कडू लागतात. हे मी तिला ज्या आत्मविश्वासाने सांगितलं, त्याच्यामागे दोन वर्षांचा कडूपणा आहे. म्हणून हा धागा.

मी लातूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. सोयाबीनचं तेल काढलं की उरते ती पेंड, आमच्या भाषेत डीओसी. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के, त्यामुळे मालातला मोठा हिस्सा ही पेंडच. तिच्यात प्रथिनं ४५ टक्क्यांच्या वर. जाते कुठे? बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात. माणसाच्या ताटात येते ती मुख्यतः सोया चंक्स म्हणून, आणि त्यालाही घरोघरी नाकं मुरडली जातात.

आम्हाला करायची होती सरबतात विरघळणारी पावडर. अडचण अशी की सोयाचं प्रथिन पीएच साडेचारच्या आसपास आलं की पाण्यातून अंग काढून घेतं आणि तळाशी बसतं. लिंबू सरबत, फळांचे रस, सगळे त्याच आंबट टापूत किंवा त्याच्याही खाली. प्रथिन म्हणजे घट्ट वळलेली सुतळीची गुंडी समजा. एन्झाइमने ती मोजक्या ठिकाणी कापली की तुकडे सुटे होतात आणि आंबट पाण्यातही विरघळतात.

कृती ऐकायला सोपी आहे. खाण्याच्या दर्जाचे व्हाइट फ्लेक्स, म्हणजे कमी भाजलेली पांढरी पेंड, दहापट पाण्यात कालवायचे. ८५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे गुंडी जरा सैल होते आणि एन्झाइमला शिरायला जागा मिळते. मग ५५ अंशांवर आणायचं, पीएच ८ करायचा आणि अल्कलेज घालायचं. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून मिळणारं हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. कपडे धुण्याच्या पावडरीत वरणाचे डाग काढतं ते याचंच भावंड. प्रत्येक काप पडला की द्रावण थोडं आम्लाकडे झुकतं, म्हणून ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडत राहायचं. किती कॉस्टिक गेलं त्यावरून किती काप पडले ते कळतं. प्रथिनातल्या एकूण सांध्यांपैकी किती टक्के तुटले, तो आकडा म्हणजे डीएच. आमच्या धंद्याचं पंचांग म्हणा.

आता कडूपणा. प्रथिनाच्या गुंडीत पाण्याशी न पटणारी अमिनो आम्लं आत तोंड लपवून बसलेली असतात. कापलं की ती उघडी पडतात आणि थेट जिभेला भेटतात. थोडं कापलं तर फेस छान येतो, तेलपाणी छान मिळतं, चव बरी राहते. जास्त कापलं की विरघळतं छान, पण फेस जातो आणि चव काडेचिराईताची येते.

म्हणजे सगळं कसब थांबण्यात आहे. थांबायचं तर एकदम ८५-९० अंशांवर नेऊन दहाएक मिनिटं ठेवायचं, एन्झाइम मरतं. आमच्या पहिल्या मोठ्या घाण्याला नेमका तेव्हाच बॉयलर बसला. वाफ येईपर्यंत सव्वा तास. ५०० लिटर माल त्या सव्वा तासात शांतपणे कडू होत गेला आणि मी टाकीशेजारी उभं राहून बघत होतो. साहेबांनी चमचाभर चाखला आणि काही न बोलता निघून गेले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कुणाला यात काही अनुभव असेल तर लिहा. शंकाही चालतील.

---

तिखटमीठ
मंगळवार, रात्री १०:१५

अहो, हे तर आमच्या घरचंच! मटणाला कच्च्या पपईचा तुकडा चोळतो तो हाच प्रकार ना? सासूबाई मोजून "बोटभर" म्हणायच्या. एकदा नणंदेने अर्धी पपई लावून रात्रभर ठेवली, सकाळी मटणाचा लगदा. आम्ही त्याचे कबाब म्हणून वाढले आणि कुणी विचारलं नाही.

अननसाचंही तसंच. फ्रूट सॅलडमध्ये ताजा अननस घातला तर तासाभरात कडवट. म्हणून मी साखरेच्या पाकात एक उकळी देऊन गार करून घालते. कारण माहीत नव्हतं, आज कळलं.

एक शंका: ही एन्झाइमं शाकाहारी असतात का? आमच्याकडे चातुर्मास काटेकोर आहे.

---

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री ११:०२

पेंडवाला, लेख झकास. पण तुम्ही कडू म्हणून ओतून दिलेलं द्रव्य आम्ही गेली कित्येक वर्षं विकत घेतोय, हे सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

मी औषध कंपनीत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे. जिवाणू वाढवायला रोज वापरतो ते माध्यम, सोयाबीन केसिन डायजेस्ट अगार. लिटरला १५ ग्रॅम केसिनचं (दुधातल्या प्रथिनाचं) पेप्टोन, म्हणजे कापलेलं प्रथिन, ५ ग्रॅम सोया पेप्टोन, ५ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम अगार. त्यातलं सोया पेप्टोन म्हणजे पपेनने पचवलेलं सोयाबीनचं पीठ, दुसरं काही नाही. जिवाणूंना कडूगोडाची तक्रार नसते, त्यामुळे तिकडे हे तंत्र केव्हाच रुळलंय. अडलंय ते माणसाच्या जिभेपाशी.

तिखटमीठताई, पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन वनस्पतीतलं. अल्कलेज जिवाणूंचं, टाकीत वाढवलेलं. पेप्सिन आणि ट्रिप्सिन मात्र परंपरेने जनावरांच्या पोटातून आणि स्वादुपिंडातून येतात, बऱ्याचदा डुकराच्या. म्हणजे नुसतं "एन्झाइम" ऐकून होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. कुठलं, ते विचारा.

---

सातबारा
बुधवार, सकाळी ६:५०

राम राम. वाचलं. मला त्या डीएचमधलं काही कळत नाही, पण पेंडीचं कळतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. बाजारात आम्ही त्याच्या बरंच खाली विकलं, ते बी वल्लं म्हणून कापून. व्यापारी म्हणतो डीओसीला बाहेर उठाव नाही, म्हणून भाव नाही. दरवर्षी तेच.

तर तुमच्या पावडरीनं आमच्या पोत्याला दोन रुपये जास्त मिळतील का, एवढं सांगा. नसतील मिळत तर तसं सांगा.

---

पेंडवाला
बुधवार, दुपारी १:३०

सातबारा दादा, खरं सांगतो. आज तरी नाही. आमच्यासारखा कारखाना महिन्याला जेवढी पेंड वापरतो तेवढी कोंबड्यांचं एक मध्यम शेड खाऊन टाकेल. भाव ठरतो तेलावर आणि डीओसीच्या निर्यातीवर. आमची मागणी त्यात चिमूटभर.

एक फरक मात्र पडू शकतो. खाद्यासाठीची पेंड वाफेवर चांगली भाजतात, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य असतं. भाजणी पुरेशी झाली का ते युरिएज टेस्टवर बघतात. पण जास्त भाजली की प्रथिन विरघळत नाही आणि मग एन्झाइम घातलं काय, न घातलं काय. आम्हाला कमी भाजलेला, पांढरा माल लागतो. तो करायला दाणा स्वच्छ, कोरडा, न डागलेला हवा. असा माल वेगळा ठेवणाऱ्या शेतकरी कंपनीला जास्त पैसे द्यायची आमची तयारी आहे. "वल्लं म्हणून कापून" या दुखण्यावर तेवढाच उतारा, तोही मोजक्या लोकांना.

पेट्रीडिश, तुमचा पत्ता आधी मिळाला असता तर ते ५०० लिटर तुमच्या दारात आणून ओतले असते.

---

उत्तरध्रुव
बुधवार, रात्री ८:२०

लुंडहून (स्वीडन) रामराम. इकडे ओटचं पेय हा जवळजवळ राष्ट्रीय विषय आहे. इथल्याच विद्यापीठात रिकार्ड ओस्ते यांनी १९९० च्या दशकात ते विकसित केलं, आणि त्याचंही मर्म एन्झाइमच. ओट शिजवले की खळ होते. अमायलेजने तो स्टार्च कापला की पातळ होतं आणि माल्टोज ही साखर सुटल्यामुळे आपोआप गोडही लागतं. साखर न घालता गोड कसं, हे इथल्या नव्या मराठी मंडळींना मी दरवेळी समजावून सांगतो.

पण मला बोलायचंय प्रथिनाबद्दल. वनस्पतीचं दूध गरम कॉफीत ओतलं की फाटल्यासारखं होतं, पाहिलंय ना? कॉफी पीएच पाचच्या आसपास. म्हणजे पेंडवाला म्हणतात तीच गाठ. यावर न कापता एक उपाय आहे: प्रोटीन ग्लुटामिनेज. जपानमध्ये त्सुकुबाच्या भातशेतीच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून हे एन्झाइम मिळालं. ते सुतळी कापत नाही. सुतळीवर जागोजागी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असतं, त्यातला अमोनिया काढून त्याचं ग्लुटामिक आम्ल करतं. त्या जागांवर ऋण भार येतो, भार एकमेकांना ढकलतात, गुंडी सैल होते आणि प्रथिन पाण्यात तरंगत राहतं. साखळी अखंड, त्यामुळे कडूपणाचा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

आणि उलट दिशेचंही एन्झाइम आहे, ट्रान्सग्लुटामिनेज. ते कापत नाही, टाके घालतं. ग्लुटामिन आणि लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला एकमेकांशी शिवून टाकतं. वाटाण्याच्या प्रथिनाची लापशी वडीसारखी घट्ट होते. इकडे शाकाहारी बर्गर सुटू नये म्हणून मिथाइलसेल्युलोज घालतात, त्याला पर्याय म्हणून याच्यावर बरंच काम चाललंय. कात्री, इस्त्री आणि सुई, अशी ही तीन हत्यारं समजा. पेंडवाला, तुम्ही कात्रीवरच का अडलात?

---

पेंडवाला
बुधवार, रात्री ९:०५

पैशांमुळे. कात्री किलोच्या भावात मिळते, तुमची इस्त्री आयात करावी लागते. शिवाय नमुना मागवला तर आमचा आकार बघून समोरचे ईमेलला उत्तरच देत नाहीत.

दुसरं, सरबताचा पीएच साडेतीन. भार वाढवून साडेचारचा डोंगर थोडा सरकतो, पण आम्हाला तो ओलांडून पलीकडे स्वच्छ द्रावण हवं होतं. तिथे कापणंच सोपं पडलं. दुधाच्या चहासाठी काही केलं तर इस्त्रीचा विचार नक्की करेन.

कडूपणावर सध्या दोन कात्र्या वापरतो. आधी अल्कलेज मधोमध कापतं, मग ॲस्परजिलस ओरायझी बुरशीपासूनचं दुसरं एन्झाइम तुकड्यांची टोकं खुडतं. कडू तुकड्याचं टोक खुडलं की कडूपणा बराच उतरतो. ही बुरशी म्हणजे जपान्यांची कोजी, सोया सॉसवाली. त्यांनी शेकडो वर्षं हेच केलं, फक्त सावकाश आणि भरपूर मिठात.

---

काटकसर
गुरुवार, सकाळी ११:१०

मी बॉयलर-बाष्पीभवनवाला माणूस. "एन्झाइम म्हणजे पर्यावरणपूरक" हे वाक्य ऐकलं की मी कॅल्क्युलेटर काढतो. आज पण काढला.

१० टक्के घट्ट द्रावणातून १ किलो पावडर करायची तर ९ किलो पाणी उडवायचं. किलोमागे सुमारे २,२५० किलोज्यूल धरले तर २० मेगाज्यूल, म्हणजे साधारण साडेपाच युनिट. तेही एकदाच वाफ वापरून, गळती न धरता. आणि तुमचं एन्झाइम ज्या "सौम्य" ५५ अंशांवर चालतं, त्यासाठी ते १० किलो द्रावण २५ पासून तापवायला लागतं सव्वा मेगाज्यूल. वाळवणीपुढे ते चिल्लर आहे. म्हणजे एन्झाइमने ५५ अंशांवर काम केलं म्हणून कौतुक करायचं आणि पुढे स्प्रे ड्रायरमध्ये (गरम हवेत फवारून वाळवायच्या यंत्रात) त्याच्या पंधरापट ऊर्जा जाळायची. हे म्हणजे लग्नात पत्रिका छापल्या नाहीत म्हणून काटकसर, आणि जेवणावळ हजार पानांची.

---

पेंडवाला
गुरुवार, दुपारी २:००

काटकसर, तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि माझ्या मते एन्झाइमची खरी कमाई त्याच हिशोबात आहे.

न कापलेलं सोया प्रथिन १२-१५ टक्क्यांवर गेलं की खळ होते. इव्हॅपोरेटरमध्ये चिकटतं, करपतं, पंप रडतो. म्हणून ते पातळच स्प्रे ड्रायरला द्यावं लागतं, आणि स्प्रे ड्रायर ही पाणी उडवायची सगळ्यात महाग जागा. कापलं की तेच द्रावण पातळ वाहतं. मग इव्हॅपोरेटरमध्ये ३० टक्क्यांपर्यंत आटवता येतं. तिथे एकाच वाफेकडून दोनतीनदा काम करून घेता येतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. ड्रायरला किलोमागे ९ ऐवजी सव्वादोन किलोच पाणी उरतं. माहितीपत्रकात "सौम्य तापमान" छापतात, कारण ते ऐकायला छान लागतं. आमचं बिल उतरलं ते चिकटपणा गेल्यामुळे.

आणि गेल्या पावसाळ्यापासून निम्मा माल आम्ही वाळवतच नाही. त्याच एमआयडीसीत एक जण सोयाचं पेय भरतो. थंड करून कॅनमधून त्याच्याकडे ओलाच पाठवतो. टेम्पो सकाळी साडेसहाला निघतो, सातला पोचतो. त्याला पावडर पुन्हा पाण्यात कालवायची कटकट नाही, आम्हाला वाळवायची नाही. उशीर झाला तर मात्र माल आंबतो, त्यामुळे टेम्पोवाल्याचा मोबाइल नंबर मला बायकोच्या नंबरआधी आठवतो.

---

काटकसर
गुरुवार, दुपारी २:२५

ओला माल. हे आवडलं. मागे घेतो. पत्रिका आणि जेवणावळ दोन्ही रद्द, रजिस्टर लग्न.

---

गंपू_नूडल्स
गुरुवार, सायंकाळी ७:४५

नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीवर "हायड्रोलाइज्ड ग्राउंडनट प्रोटीन" लिहिलेलं असतं. ते हेच का? मी वीस वर्षं हे खातोय आणि आज पहिल्यांदा वाचलं.

---

पेट्रीडिश
गुरुवार, रात्री ८:३०

काम तेच, हत्यार वेगळं असू शकतं. नुसतं "हायड्रोलाइज्ड" लिहिलं की एन्झाइमने कापलं की आम्लाने, ते कळत नाही.

जुनी पद्धत आम्लाची. स्वित्झर्लंडच्या यूलियस माग्गींनी १८८६ मध्ये वनस्पती प्रथिनापासून मांसाच्या रश्श्याच्या चवीचा अर्क बाजारात आणला, तेव्हापासूनची. पेंड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १०० अंशांच्या वर तासन्‌तास उकळायची, मग कॉस्टिकने किंवा सोड्याने आम्ल मारायचं. आम्ल अधिक कॉस्टिक म्हणजे मीठ, त्यामुळे त्या पावडरीत भरपूर मीठ आलंच. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल त्यात पार जळून जातं. आणि पेंडीत तेल राहिलं असेल तर आम्लाशी मिळून ३-एमसीपीडी नावाचं नको ते द्रव्य तयार होतं. १९७८ मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. युरोपात सोया सॉस आणि अशा अर्कांत किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पद्धत सुधारून ते पुष्कळ कमी करता येतं, त्यामुळे पुडी फेकून देऊ नका.

पण मग सगळे एन्झाइम का वापरत नाहीत? कारण आम्ल सगळं कापतं, अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत. तिथे ग्लुटामेट सुटं होतं, म्हणून ती झणझणीत "रश्श्याची" चव. एन्झाइमला तिथवर जायला वेळ लागतो आणि वाटेत कडूपणाचं गाव लागतं.

---

गव्हाशिवाय
शुक्रवार, सकाळी १०:००

माझ्या मुलाला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही, म्हणून हा धागा दोनदा वाचला. दुकानदार सांगतो, "मॅडम, यात गव्हाचं प्रोटीन एन्झाइमने तोडलेलं आहे, चालेल." चालेल का?

---

पेट्रीडिश
शुक्रवार, सकाळी १०:४०

नाही. अजिबात नको. दुकानदाराला नमस्कार करा आणि निघा.

ग्लुटेनचे त्रासदायक तुकडे अर्धवट कापूनही शिल्लक राहतात. शिवाय उत्तरध्रुव ज्याला इस्त्री म्हणतात, म्हणजे ग्लुटामिनचं ग्लुटामिक करणं, तेच काम सीलिॲकमध्ये आतड्यातलं एन्झाइम ग्लुटेनवर करतं आणि त्यानेच प्रतिकारशक्ती जास्त चवताळते. म्हणजे ओटच्या पेयाला गुणकारी ते गव्हाला गुणकारी असेलच असं नाही.

जपानमधलं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात आम्लाने तोडलेलं गव्हाचं प्रथिन घातलं होतं. दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. आधी पाव, नूडल्स मजेत खाणारी माणसं ही. प्रथिनाचं रूप बदललं की शरीर त्याला नव्याने ओळखतं, कधी कधी शत्रू म्हणून.

---

गव्हाशिवाय
शुक्रवार, सकाळी १०:५५

धन्यवाद. आधीच विचारायला हवं होतं, एक पुडा घरात आला होता. फोडला नव्हता.

---

तिखटमीठ
रविवार, दुपारी १२:१०

मी प्रयोग केला! सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, उकळून दूध केलं. कोमट असताना त्यात दोन चमचे ताज्या अननसाचा रस घातला. पाच मिनिटांत दही लागल्यासारखं झालं. ह्यांना बोलावून दाखवलं. म्हणजे एन्झाइमने काम केलं ना?

---

काटकसर
रविवार, दुपारी १२:४०

ताई, उत्साहावर पाणी ओततो, रागावू नका. अननस आंबट आहे. सोयाचं दूध नुसत्या आंबटपणाने पण फाटतं, टोफूला लिंबू पिळतातच की. एन्झाइमने झालं की आम्लाने, हे यावरून ठरत नाही.

तुमचीच फ्रूट सॅलडची युक्ती वापरा. तोच रस उकळून, गार करून दुसऱ्या वाटीत तेवढाच घाला. मग दोन्ही वाट्या तासभर कोमट ठेवून चाखा.

---

पेंडवाला
रविवार, दुपारी १:१५

+१. आणि चाखताना आधी उकळलेल्या रसाची वाटी. उलट केलंत तर जीभ पुढे तासभर काही सांगणार नाही. अनुभवाचे बोल.

---

तिखटमीठ
रविवार, सायंकाळी ६:३०

केलं. दोन वाट्या, दोन्ही गरम पाण्याच्या पातेल्यात, वर झाकण. वाट्यांना खाली चिठ्ठ्या लावल्या आणि ह्यांना सांगितलं नाही कुठली कुठली.

फाटल्या दोन्ही. काटकसर, तुम्ही जिंकलात. पण तासाभराने एकीत घट्ट गोळा तसाच होता, दुसरीत तो मऊ पडून बरंच पिवळं पाणी सुटलं होतं. पहिली चाखली तर आंबटगोड, पनीरसारखी. दुसरी ह्यांनी चाखली आणि बेसिनकडे धावले. चिठ्ठी बघितली तर कच्च्या रसाची.

पहिल्या वाटीतलं मिरपूड घालून पोळीबरोबर संपलं. दुसरी तशीच ओट्यावर आहे. पेट्रीडिश, तुमच्या जिवाणूंना पाठवू का?

---

पेट्रीडिश
रविवार, सायंकाळी ६:४५

पाठवू नका, ओट्यावर आणखी दोन तास राहू द्या. ते स्वतःच येतील.